गणपत गल्लीचे कामगार कोण? तिथे राबणारे की तिथे राहणारे?

बेळगावच्या बाजारपेठेत लोक काय काम करतात आणि पगार किती मिळवतात, या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक उत्तर तिथे कामाला येणाऱ्यांचं, दुसरं तिथे राहून कुठेही कामाला जाणाऱ्यांचं. पुढाऱ्यांच्या भाषणात आणि कॉलेजच्या अहवालात ही दोन माणसं सर्रास एकच धरली जातात. तिथेच घोळ होतो.

समजा, गणपत गल्लीत एक जुनी इमारत आहे. खाली कापडाचं दुकान, त्यात सहा नोकर, प्रत्येकाला महिना 12 हजार. कुणी येळ्ळूरहून येतो, कुणी कडोलीहून. माडीवर एक जोडपं भाड्याने राहतं. नवरा उद्यमबागेतल्या कारखान्यात मशिनवर, पगार 22 हजार. बायको टिळकवाडीतल्या बँकेत, पगार 45 हजार. कामाच्या जागेनुसार मोजलं तर या इमारतीत सहा नोकऱ्या, सगळ्या किरकोळ व्यापारातल्या, सरासरी पगार 12 हजार. राहत्या घरानुसार मोजलं तर कामगार दोन, एक कारखानदारीतला, एक बँकिंगमधला, सरासरी साडेतेहतीस हजार. इमारत तीच, पण दोन्ही यादींत सामाईक असा एकही माणूस नाही.

सरकारही दोन्ही पद्धतींनी मोजतं. जनगणना घरी येते. 2011 च्या जनगणनेत ज्याने वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलं तो मुख्य कामगार, त्याहून कमी केलेला सीमांतिक कामगार. मग शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर, असे चार गट. येळ्ळूरचा सेल्समन त्यात येळ्ळूरच्या खात्यावर जातो, गणपत गल्लीच्या नाही. आर्थिक गणना मात्र दुकानात येते. 2013-14 च्या सहाव्या आर्थिक गणनेत प्रत्येक आस्थापनेत, म्हणजे दुकानात, कारखान्यात, कचेरीत, किती माणसं काम करतात, त्यातली पगारी किती आणि बिनपगारी किती, हे विचारलं गेलं. गल्ल्यावर बसलेला मालक आणि रोज मापं घेणारा त्याचा मुलगाही त्यात आले.

बेळगावकरांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्या आर्थिक गणनेत सरकारी प्रशासन आणि संरक्षण दल धरलेलं नव्हतं. ज्या गावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, कॅम्प म्हणजे लष्करी छावणी आहे, जिल्हाधिकारी कचेरी आहे, तिथे हे वगळणं किरकोळ नाही. नियमित पगाराची मोठी फळीच आकड्यांतून गळते आणि शहर आहे त्याहून जास्त दुकानदारीचं दिसू लागतं.

रविवार पेठेत हा फरक सर्वांत ठळक दिसतो. सकाळी ट्रक लागले की हमाल पाठीवर पोती घेतात. मजुरी पोत्यामागे, महिन्याचा पगार असा नाहीच. माल आला तर कमाई, नाही आला तर रिकामे हात. दिवसभर पेठ याच लोकांच्या श्रमावर चालते आणि संध्याकाळी ते सीबीटीवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर येऊन आपापल्या गावची बस धरतात. घरं मोजून केलेल्या यादीत ते पेठेत नसतातच. वॉर्डाची लोकसंख्या पाहून स्वच्छतागृहं आणि पाण्याचे नळ ठरवायचे म्हटलं, तर दुपारी बारा वाजता पेठेत असलेल्या हमालाचा आणि दुकानातल्या मुलींचा हिशेब कुठेच लागत नाही. मला यातलं सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या बाईला स्वच्छतागृह तिच्या गावी नव्हे, खडेबाजारात हवं असतं.

वडगाव-खासबागेत चित्र उलटं. घरातच साड्या विणायचे माग, खाली खटखट आणि वर संसार. तिथे राहणारा आणि राबणारा बहुधा एकच, त्यामुळे दोन्ही मोजण्या जवळ येतात. तरी एक पेच उरतो. शहरात जनगणनेचा घरगुती उद्योग म्हणजे घराच्या आवारात, मुख्यतः घरच्याच माणसांनी चालवलेला. त्याच गल्लीतल्या शेडमध्ये दुसऱ्याच्या मागावर साडीमागे मजुरी घेणारा विणकर ‘इतर’ गटात जातो, हातात तेच सूत असलं तरी.

आता पगाराचं. जनगणना पगार विचारत नाही, आर्थिक गणनाही विचारत नाही. कमाईचे आकडे बहुतेक वेळा श्रमशक्तीच्या नियतकालिक पाहणीतून येतात. ती 2017 पासून चालू आहे आणि तीही घरी जाऊनच होते. पगारदाराची महिन्याची कमाई, रोजंदारीवाल्याचा रोज आणि स्वतःचा धंदा असणाऱ्याची कमाई तीत वेगवेगळी मांडतात. जानेवारी 2025 पासून तिची आखणी जिल्हा धरून होते, पण गल्लीपुरता आकडा त्यातून निघत नाही. ‘बाजारपेठेतला सरासरी पगार’ असा आकडा कुणी दिलाच, तर तो कुणाला विचारून काढला हे आधी विचारा.

सीमेवर तर या फरकाला राज्याचीही भर पडते. चंदगड तालुक्यातला तरुण रोज बेळगावात कामाला आला, तर घरानुसार तो कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात मोजला जातो. कामाच्या जागेनुसार कर्नाटकात. बेळगावहून महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या कारखान्यात जाणाऱ्याचं नेमकं उलट. रेशनकार्ड आणि मत घराकडे, पण किमान वेतन कामाच्या जागेचं लागतं. कर्नाटकात त्यातला महागाई भत्ता वर्षातून एकदा, 1 एप्रिलला बदलतो. महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैत. शेजारी राहणाऱ्या दोन भावांच्या पगारात जुलैमध्ये फरक पडला, तर एकदा कारखाना कुठल्या राज्यात आहे ते पाहावं.

तक्ता हातात आला की ओळखायची सोपी खूण आहे. शेतकरी, शेतमजूर, मुख्य, सीमांतिक असे रकाने दिसले तर तो राहणाऱ्यांचा. आस्थापना, पगारी आणि बिनपगारी असे दिसले तर काम करणाऱ्यांचा.