ईस्टर्न की लेक्सिंग्टन? नॉर्थ कॅरोलायनातल्या दोन बार्बेक्यूंचा फरक

नॉर्थ कॅरोलायनात 'बार्बेक्यू' मागितलं की डुकराचंच मांस येतं. लाकडाच्या निखाऱ्यांवर तासन्‌तास भाजलेलं, सुऱ्यांनी तोडलेलं आणि व्हिनेगरने आंबट केलेलं. अंगणात ग्रिल पेटवून चिकन भाजलं तर त्याला तिथली जुनी माणसं बार्बेक्यू म्हणत नाहीत. इथवर सगळ्या राज्याचं एकमत आहे. पुढे मात्र दोन घराणी होतात. समुद्राकडच्या सपाट पट्ट्यातलं ते ईस्टर्न आणि मध्यावरच्या पीडमाँट भागातलं ते लेक्सिंग्टन. रॅली साधारण दोघांच्या सीमेवर येतं, त्यामुळे रॅली-कॅरी भागातल्या मराठी मंडळींना दोन्ही दीड-दोन तासांच्या ड्राइव्हवर आहेत. ताटात मात्र दोन्ही इतकी सारखी दिसतात की पहिल्यांदा खाणाऱ्याचा हमखास घोटाळा होतो.

फरक काय, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, 'लेक्सिंग्टनच्या सॉसमध्ये केचप असतं.' ते खरंच आहे, पण तो फरक नंतरचा. खरा फरक भट्टीवर काय चढतं यात आहे. ईस्टर्नमध्ये अख्खं डुक्कर चढतं, लेक्सिंग्टनमध्ये फक्त खांदा. सॉस, कोबी, तोडण्याची पद्धत, सगळं त्यावरून ठरत गेलं आहे.

ईस्टर्नचं डुक्कर साफ केल्यावर साधारण साठ-ऐंशी किलोंचं असतं. ते पोटाकडून उभं चिरून सपाट पसरतात आणि विटांच्या भट्टीतल्या जाळीवर ठेवतात, मांस खाली आणि कातडी वर. ओक किंवा हिकरीचे ओंडके बाजूला वेगळे जाळतात आणि त्यांचे निखारे झाले की फावड्याने भट्टीत सारतात. खरं कौशल्य या सारण्यात आहे. मागच्या मांड्या आणि खांदे जाड, म्हणून निखारे त्यांच्याखाली जास्त. मधलं पोट पातळ आणि चरबीचं, तिथे निखारे जवळजवळ नाहीतच. मध्यभागी फावडंभर निखारे पडले तर गळणारी चरबी पेट घेते आणि बघता बघता अख्खं डुक्कर हातचं जातं. म्हणून भट्टीवाला रात्रभर थोडे थोडे निखारे घालत राहतो. शेवटी डुक्कर पलटून कातडी खाली आणतात आणि ती फुलून कुरकुरीत होईपर्यंत धग देतात.

मग सगळं एका फळीवर येतं. मांडीचं मांस कोरडं, खांद्याचं रसदार, पोटाचं तर निम्मी चरबीच. दोन्ही हातांत जड सुरे घेऊन हे सगळं खिम्याच्या जरा अलीकडे येईपर्यंत एकत्र तोडतात. काही ठिकाणी भाजलेली कातडीही त्यातच तोडतात, त्यामुळे मऊ घासात मध्येच कुरकुरीत कण लागतो. असं वेगवेगळ्या प्रकारचं मांस एकजीव करायचं तर सॉस पातळ हवा, आत झिरपणारा हवा आणि चरबी कापणारा हवा. म्हणून तिथे टोमॅटोला जागा नाही. गोव्याकडचं व्हिनेगर घातलेलं पोर्क ज्यांनी खाल्लं आहे त्यांना हे तर्कशास्त्र समजावून सांगावं लागणार नाही.

घरी करायचा तर ईस्टर्न सॉस असा: अर्धा लिटर अॅपल सायडर व्हिनेगर, दोन चहाचे चमचे मीठ, एक मोठा चमचा चिली फ्लेक्स, एक चहाचा चमचा भरड मिरी आणि हवी तर एक मोठा चमचा ब्राउन शुगर. शिजवायचं नाही. बाटलीत घालून हलवा आणि निदान एक दिवस ठेवा, नाहीतर तिखटपणा व्हिनेगरमध्ये उतरत नाही.

लेक्सिंग्टनचं गणित वेगळं. खांद्यात चरबी आणि मांस मुळातच छान मिसळलेलं असतं, त्यामुळे घास आधीच समृद्ध असतो आणि थोडा गोडवा सहज पेलतो. लेक्सिंग्टन गावात १९१९ च्या सुमारास सिड वीव्हर आणि जेस स्वाइसगुड यांनी कोर्टासमोर तंबू टाकून विक्री सुरू केली. पुढे वॉर्नर स्टेमी त्यांच्याकडे शिकला आणि त्याने ही पद्धत इतरांना शिकवली. आजही तिथे खांदे हिकरीच्या निखाऱ्यांवर नऊ-दहा तास भाजतात. चरबी निखाऱ्यांवर ठिबकते, तिची वाफ परत मांसाला लागते आणि बाहेर गडद तपकिरी कवच धरतं. माझ्या मते लेक्सिंग्टनचा सगळा जीव या कवचात आहे.

इथल्या सॉसला 'डिप' म्हणतात. अर्धा लिटर सायडर व्हिनेगर, दीडशे मिली केचप, सव्वाशे मिली पाणी, तीन मोठे चमचे साखर, दीड चहाचा चमचा मीठ, मिरी आणि चिली फ्लेक्स. मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा. साखर विरघळली की झालं, आटवायचं नाही. डिप पाण्यासारखंच पातळ हवं. चमच्याला चिकटायला लागलं तर ते बाजारच्या गोड बार्बेक्यू सॉसकडे झुकलं असं समजा. दुकानात 'कॅरोलायना' लिहिलेली पिवळी बाटली दिसते ती मोहरीची. ती साउथ कॅरोलायनाची, तिचा या दोघांशी संबंध नाही.

शेजारी येणारा कोबी ही सगळ्यात सोपी खूण आहे. ईस्टर्नमध्ये तो मेयोनेजचा, पांढरा किंवा पिवळसर. लेक्सिंग्टनमध्ये लाल, म्हणजे बारीक तोडलेल्या कोबीत मेयोनेज न घालता डिपचाच मसाला. लहान कोबीला अर्धा कप केचप, पाव कप व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर, मीठ, मिरी. तासभर मुरू द्या. सँडविचमध्येही हा कोबी मांसावरच घालतात. तो काढून खाल्लं तर चव अर्धीच राहते.

घरी अख्खं डुक्कर जमणार नाही, पण चार किलोंच्या बॉस्टन बटवर दोन्ही सॉस करून बघता येतात. (हा खांद्याचाच वरचा भाग. अमेरिकेत कुठल्याही सुपरमार्केटात मिळतो.) आदल्या रात्री चाळीस ग्रॅम मीठ चोळा. केटल ग्रिलमध्ये (झाकणाच्या गोल ग्रिलमध्ये) कोळसा एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला आणि तापमान ११० ते १२० अंश सेल्सियस. सुरुवातीला हिकरीचे मुठीएवढे चार-पाच तुकडे पुरतात. दाट पांढरा धूर निघत असेल तर लाकूड नीट जळत नाही. हवेची झडप उघडा, नाहीतर मांस कडू होतं.

आतलं तापमान ७० च्या आसपास आलं की काटा तासन्‌तास हलत नाही. पृष्ठभागावरचं पाणी उडताना मांस थंड करत असतं, म्हणून असं होतं. घाबरून आच वाढवली तर कवच करपतं आणि आतला भाग चिवट राहतो. वेळ कमी असेल तर फॉइलमध्ये गुंडाळा, पण कवच मऊ पडणार हे धरून चाला. ९३ ते ९५ अंशांना हाड हाताने फिरतं. मग तासभर झाकून ठेवा, गरम असतानाच तोडा आणि तोडतानाच सॉस घाला. किलोला साठ-सत्तर मिली आधी, बाकीचा चाखून. थंड मांसावर ओतलेला सॉस आत जात नाही, ताटात खाली साचतो.

खायला जायचं तर ईस्टर्नसाठी एडनचं स्कायलाइट इन, १९४७ पासूनचं. कागदी ट्रेमध्ये कातडीसकट तोडलेलं मांस, कोबी आणि चरबीत भाजलेला चपटा, घट्ट कॉर्नब्रेड. मेनू जवळपास एवढाच. गोल्ड्सबरोचं विल्बर्स १९६२ चं, तिथेही अख्खी डुकरं ओकच्या निखाऱ्यांवर भाजतात. लेक्सिंग्टनमध्ये वेन मंक यांचं लेक्सिंग्टन बार्बेक्यू, तेही १९६२ चं. गावात मोठा बार्बेक्यू महोत्सव ऑक्टोबरात भरतो, पण त्या दिवसाची गर्दी पाहता खाण्यासाठी एरवीच जावं.

ऑर्डर देताना ईस्टर्नमध्ये फार निवड नसते. लेक्सिंग्टनमध्ये मात्र 'चॉप्ड' (बारीक तोडलेलं), 'कोर्स चॉप्ड' (जाडसर तोडलेलं) की 'स्लाइस्ड' (काप केलेलं) ते सांगावं लागतं आणि त्यापुढे 'विथ ब्राउन' जोडायला विसरू नका. म्हणजे बाहेरचं ते तपकिरी कवच मिसळून देतात. दुपारी लवकर जा, कारण प्रत्येक खांद्याला कवच थोडंच असतं आणि ते आधी संपतं. रविवारी यातली बरीच ठिकाणं बंद असतात, तेव्हा शनिवार धरा. अनोळखी ठिकाणी शिरण्याआधी इमारतीच्या मागे एक चक्कर मारा. लाकडाचा ढीग आणि धुराने काळी पडलेली चिमणी दिसली तर आत जा. काहीच दिसलं नाही तर मांस गॅसवर किंवा विजेवर शिजत असण्याची शक्यता जास्त, आणि मग सॉस कुठल्याही घराण्याचा असला तरी धुराची चव येणार नाही.