विद्यापीठीय सूचना व अंतर्गत वार्ता

विद्यापीठातील शिक्षकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना संस्थेतले निर्णय, नेमणुका, मुदती, नियमांतले बदल आणि घडामोडी अधिकृतपणे कळवण्याची व्यवस्था. सूचनाफलक, परिपत्रक, विद्यापीठाचे राजपत्र, कर्मचाऱ्यांसाठीचे वार्तापत्र, सामूहिक ई-मेल, अंतर्गत संकेतस्थळ आणि आणीबाणीत मोबाइलवर येणारा संदेश ही तिची मुख्य रूपे. विद्यार्थ्यांसाठीच्या सूचना आणि वृत्तपत्रांसाठी काढलेली प्रसिद्धीपत्रके यांहून ती वेगळी धरतात. इथला वाचक संस्थेचा नोकर असतो, आणि बऱ्याच विद्यापीठांत संस्थेच्या कारभारात मत असलेला सभासदही असतो.

या व्यवस्थेत दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांची सरमिसळ हीच तिची जुनी दुखरी जागा आहे. सूचना वाचकाला बांधते. रजेचे नियम अमुक तारखेपासून बदलतील, संशोधन अनुदानाचे प्रस्ताव तमुक दिवशी संध्याकाळपर्यंत पोहोचले पाहिजेत, उत्तरेकडचे प्रवेशद्वार दुरुस्तीसाठी बंद राहील, ही सारी सूचनांची उदाहरणे. वार्ता कुणाला बांधत नाही. सहकाऱ्याला पुरस्कार मिळाला, नवी प्रयोगशाळा उघडली, ग्रंथालयाला जुनी हस्तलिखिते भेट मिळाली, हे वाचून आनंद होतो किंवा होत नाही, एवढेच. दोन्ही एकाच ई-मेलमध्ये, एकाच आकाराच्या अक्षरांत, छायाचित्रांच्या ओळीत आल्या की वाचक साहजिकच सगळा मजकूर बातमी समजून पुढे सरकवतो आणि मुदत हुकते. वाचकाने सूचना उघडली नाही म्हणून ती लागू व्हायची थांबत नाही. म्हणून सूचनेची मांडणी हा सजावटीचा प्रश्न नव्हे, कर्मचाऱ्याच्या हक्काचा प्रश्न आहे.

इतिहास : मध्ययुगीन यूरोपातील विद्यापीठांत हे काम बीडल नावाचा सेवक करी. इटलीतल्या बोलोन्यात तो वर्गावर्गांत फिरून सुट्या, सभा, वादसभांचे दिवस मोठ्याने सांगत असे. कोणते ग्रंथ विक्रीला आहेत हेही तोच सांगे, कारण हस्तलिखितांच्या काळात प्रत मिळणे ही मोठी बातमी होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये बीडल हे पद आजही आहे. आता त्याचे काम समारंभात मानाची काठी घेऊन पुढे चालण्यापुरते उरले आहे.

तोंडी घोषणेच्या जोडीला दार होते. जर्मनीतील विटेनबर्ग विद्यापीठाच्या नियमांनुसार वादसभेतील प्रमेये, म्हणजे चर्चेसाठी मांडलेली विधाने, गावातल्या चर्चच्या दारांवर लावावी लागत. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये आपली ९५ प्रमेये चर्चच्या दारावर ठोकली असे सर्वत्र सांगितले जाते. त्याने ३१ ऑक्टोबरला ती माइंत्सच्या आर्चबिशपला पाठवली हे नक्की. दारावर त्याने स्वतः ठोकली की नाही, याबद्दल एर्विन इझरलोह या इतिहासकाराने १९६१ मध्ये शंका घेतली आणि तो वाद पुढे चालू राहिला. ठोकली असली तरी त्या कृतीत बंडखोर असे काही नव्हते. ते दार म्हणजे विद्यापीठाचा सूचनाफलक होता आणि तिथे कागद लावणे ही रोजची रीत होती. 'आद् वाल्वास', म्हणजे 'दारांवर', हा लॅटिन शब्दप्रयोग नेदरलँड्स आणि बेल्जियममधील फ्लँडर्सच्या विद्यापीठांत सूचनाफलकासाठी टिकून राहिला. आम्स्टरडॅमच्या व्ह्रेये विद्यापीठाचे नियतकालिकही याच नावाने निघत आले. जर्मन भाषक याच वस्तूला 'काळी फळी' म्हणतात.

छापील रूप १८७० मध्ये स्थिरावले. त्या एकाच वर्षी ऑक्सफर्डचे 'गॅझेट' आणि केंब्रिजचे 'रिपोर्टर' सुरू झाले. दोन्ही विद्यापीठे अनेक महाविद्यालयांची मिळून बनलेली. प्रत्येक महाविद्यालयाचे दार वेगळे, फलक वेगळा. सर्वांसाठी एकच अधिकृत पान असावे ही गरज तिथे आधी जाणवली यात नवल नाही. व्याख्यानांच्या वेळा, परीक्षकांच्या नेमणुका, रिक्त पदे, विधिविधानांतील दुरुस्त्या असा मजकूर त्यांत येऊ लागला. अमेरिकेत हार्वर्डचे 'गॅझेट' १९०६ मध्ये निघाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे 'ॲल्मनॅक' विसाव्या शतकाच्या मध्यातले. ते स्वतःला नोंद, मत आणि वार्ता यांचे नियतकालिक म्हणवते, आणि तिन्ही शब्द त्याने जपले आहेत. मंजूर धोरण 'नोंदीसाठी' या शीर्षकाखाली येते, तर प्रस्तावित धोरण 'अभिप्रायासाठी' या शीर्षकाखाली. ठरून गेलेले काय आणि अजून बोलता येण्यासारखे काय, हे शीर्षक पाहताच कळते. इतका साधा आणि इतका प्रामाणिक भेद फार थोड्या विद्यापीठांच्या सूचनांत आढळतो.

प्रसिद्धी हीच कृती : केंब्रिजची पद्धत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण सूचनेचे खरे वजन तिथे उघड दिसते. 'रीजंट हाउस' ही तिथली सर्वोच्च सभा. तिचे सभासद हजारोंनी, मुख्यतः शिक्षक आणि वरिष्ठ प्रशासकीय अधिकारी. सभेपुढे ठेवायच्या ठरावाला 'ग्रेस' म्हणतात. ठराव 'रिपोर्टर'मध्ये छापला जातो. ठरलेल्या मुदतीत पुरेशा सभासदांनी लेखी हरकत घेतली नाही, तर तो मंजूर झाला असे मानले जाते. म्हणजे बहुतेक ठराव कुणी हात वर न करताच संमत होतात, आणि संमतीचा आधार एवढाच की मजकूर सर्वांपुढे ठेवला गेला होता. महत्त्वाच्या अहवालांवर 'डिस्कशन' नावाची खुली चर्चा होते. तिच्यात कुणी सभासद बोलला की त्याचे शब्द 'रिपोर्टर'मध्ये छापले जातात, कुलगुरूंवरची टीकासुद्धा.

अशा ठिकाणी न छापलेली सूचना म्हणजे न घेतलेला निर्णय. इतर बहुसंख्य विद्यापीठांत निर्णय आधी बैठकीत होतो आणि सूचना मागून येते. तिथेही लागू होण्याची तारीख, हरकतीची मुदत, पदासाठी अर्ज करण्याचा अवधी हे सगळे प्रसिद्धीच्या दिवसापासून मोजले जाते. शुक्रवारी संध्याकाळी किंवा सुटीच्या तोंडावर काढलेले परिपत्रक वाचकाचे तेवढे दिवस खाते. हे नकळत होवो की जाणूनबुजून, हानी सारखीच.

स्वरूप : परिपत्रकाचा साचा जुना आणि उपयोगी आहे. जावक क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ, मजकूर, सही करणाऱ्याचे पद आणि खाली प्रती कुणाकुणाला दिल्या त्यांची यादी. संकेतस्थळांच्या काळात हा साचा रुक्ष म्हणून बाजूला पडू लागला. त्याबरोबर काही कामाच्या गोष्टीही गेल्या. संदर्भ ओळीमुळे हे परिपत्रक कोणत्या आधीच्या आदेशाची जागा घेते ते कळे; आज एकाच विषयावरची तीन पाने शोधात सापडतात आणि त्यांतले चालू कोणते हे विचारायला आस्थापना विभागात जावे लागते. सहीमुळे शंका कुणाला विचारायची ते कळे. 'विद्यापीठ प्रशासन' अशा सहीच्या ई-मेलला उलट उत्तर पाठवता येत नाही, ही कर्मचाऱ्यांची नेहमीची तक्रार असते आणि ती रास्त आहे.

मजकुराचे प्रकार पुष्कळ : नेमणुका, पदोन्नती, निवृत्ती, रिक्त पदे, अनुदानाच्या मुदती, प्रशिक्षण, वेतन व विमा यांच्या निवडीचा वार्षिक काळ, संगणक यंत्रणा बंद राहण्याच्या वेळा, रस्ते व वाहनतळ, सुरक्षा, मानसन्मान. यांत निधनवार्तेचे स्थान निराळे आहे. चाळीस वर्षे प्रयोगशाळेत काचसामान सांभाळणाऱ्या सहायकाचे आणि नामवंत प्राध्यापकाचे नाव एकाच पानावर, एकाच मापात येते अशी विद्यापीठातली जागा बहुधा हीच. ती जपणाऱ्या संपादकांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

इलेक्ट्रॉनिक काळ : विद्यापीठांना जोडणारे 'बिटनेट' हे जाळे १९८१ मध्ये न्यूयॉर्क शहर विद्यापीठ आणि येल यांच्यातील दुव्यापासून वाढले. त्यावरच्या टपाल याद्यांत नावे घालण्या-काढण्याचे काम सुरुवातीला माणसाला हाताने करावे लागे. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या एरिक थॉमसने १९८६ मध्ये 'लिस्टसर्व्ह' ही आज्ञावली लिहून ते यंत्रावर सोपवले. सर्व शिक्षक, सर्व शिक्षकेतर, एका इमारतीतले सर्व, अशा याद्या तयार झाल्या आणि परिपत्रकाच्या प्रती घेऊन विभागोविभागी फिरणाऱ्या शिपायाचे काम काही क्षणांत होऊ लागले.

सोय झाली तशी भाऊगर्दीही झाली. पूर्वी प्रती काढायला कागद, शाई आणि माणूस लागे, त्यामुळे प्रत्येक विभाग विचार करून परिपत्रक काढी. आता तो अडसर उरला नाही. म्हणून अनेक विद्यापीठांनी सर्वांना थेट ई-मेल पाठवण्याचा अधिकार मोजक्या कार्यालयांकडे ठेवला आणि बाकीचा मजकूर रोजच्या किंवा आठवड्याच्या एकत्रित पत्रात घेतला. त्यासाठी मजकूर देण्याची मुदत असते, संपादक असतो, लांबीची मर्यादा असते. बहुतेक ठिकाणी वार्तापत्रातून नाव काढून घेता येते, सेवाविषयक आणि सुरक्षाविषयक सूचनांतून मात्र येत नाही. सूचना आणि वार्ता यांतला फरक इथे यंत्राच्याच नियमात उतरलेला दिसतो.

संपादक कुणाचा हा प्रश्न मात्र उरतोच. पुष्कळ विद्यापीठांत वार्तापत्र जनसंपर्क विभाग काढतो, आणि त्या विभागाचे काम संस्थेची प्रतिमा सांभाळणे असते. मग इमारतीचे भूमिपूजन पहिल्या पानावर येते. त्या इमारतीसाठी कोणत्या विभागाची पदे गोठवली ते कुठेच येत नाही. नेदरलँड्समधील बऱ्याच विद्यापीठांत वेगळा मार्ग दिसतो. तिथे पैसा विद्यापीठाचा असतो, पण लेखी संपादकीय संहितेमुळे संपादक मजकुराबाबत प्रशासनापासून स्वतंत्र राहतो. अशी पत्रे प्रशासनाला अडचणीची वाटतात, तरी कर्मचारी त्यांवर विश्वास ठेवतात. आणि विश्वास असला तरच संकटाच्या दिवशी सूचना ऐकली जाते.

आणीबाणीची सूचना : १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोघांना गोळ्या घालण्यात आल्या. हा वैयक्तिक वादाचा प्रकार असावा आणि मारेकरी आवार सोडून गेला असावा, असा पोलिसांचा कयास होता. सर्वांना संदेश पाठवण्याची तांत्रिक सोय विद्यापीठाच्या पोलिसांच्या हाती नव्हती. मजकूर वरिष्ठांच्या गटात ठरत होता. गोळीबार झाला आहे, सावध राहा, असा पहिला ई-मेल ९ वाजून २६ मिनिटांनी गेला. तोवर वर्ग भरले होते. ९.४० च्या सुमारास त्याच मारेकऱ्याने नॉरिस हॉलमध्ये आणखी ३० जणांना ठार केले. एकूण ३२ मृतांत ५ शिक्षक होते. राज्यपालांनी नेमलेल्या समितीने या विलंबावर बोट ठेवले.

अमेरिकेत याविषयीचा कायदा त्याआधीपासून होता. लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात १९८६ मध्ये जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा खून झाला. तिच्या आईवडिलांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये कायदा झाला. पुढे त्याला तिचे नाव दिले गेले. संघराज्य सरकारच्या विद्यार्थी अर्थसाहाय्य योजनांत सहभागी संस्थांना धोक्याच्या गुन्ह्यांची वेळेवर सूचना देणे त्याने बंधनकारक केले. दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल विद्यार्थ्यांपुढे आणि कर्मचाऱ्यांपुढे ठेवावा लागतो. २००८ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट घातली : जिवाला तातडीचा धोका आहे याची खात्री पटताच आवारातील सर्वांना विनाविलंब कळवायचे आणि ही यंत्रणा वर्षातून निदान एकदा चाचणी घेऊन तपासायची. तेव्हापासून मोबाइल संदेश, भोंगे, वर्गातील पडदे आणि संगणकांवरची चौकट यांची सांगड घालण्याची पद्धत रुळली. मजकुराचे साचे आधीच लिहून ठेवतात, म्हणजे त्या क्षणी शब्द शोधत बसावे लागत नाही.

अंतर्गत सूचनेवरचा हाच विश्वास फसवणूक करणारेही वापरतात. वेतनवाढीचा आदेश, खात्याची मुदत, कुलसचिवांचे तातडीचे काम अशा नावांनी खोटे ई-मेल येतात आणि सांकेतिक शब्द (पासवर्ड) काढून घेतात. ठरावीक साचा, ठरावीक पत्ता आणि तोच मजकूर अंतर्गत संकेतस्थळावर पडताळून पाहण्याची सोय एवढे असले तरी खोटेपणा लवकर ओळखू येतो.

पोहोच : विद्यापीठातला प्रत्येक कामगार संगणकापुढे बसत नाही. सफाई, बागकाम, स्वयंपाकघर, पहारा, वीजदुरुस्ती ही कामे करणाऱ्यांकडे विद्यापीठाचा ई-मेल पत्ता असतोच असे नाही. कंत्राटदारामार्फत आलेल्यांकडे तर सहसा नसतोच. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचा पत्ता सत्र संपताच बंद होतो आणि पुढच्या सत्राच्या नेमणुकांची सूचना नेमकी त्या खंडात निघते. छायाचित्राच्या रूपात पाठवलेले भित्तिपत्रक दृष्टिहीन कर्मचाऱ्याच्या वाचकयंत्राला वाचता येत नाही. भाषेचाही प्रश्न आहे. हेलसिंकी विद्यापीठ फिनिश, स्वीडिश आणि इंग्रजी अशा तीन भाषांत कर्मचाऱ्यांशी बोलते. त्यासाठी भाषांतराला वेळ आणि माणसे द्यावी लागतात. जिथे ती दिली जात नाहीत, तिथे जेवणघरातल्या भिंतीवरचा कागद, पाळी बदलताना पर्यवेक्षकाने वाचून दाखवलेली सूचना आणि सहकाऱ्याने पुढे पाठवलेला संदेश यांवरच लोकांना भागवावे लागते. बोलोन्यातला बीडल वर्गात येऊन मोठ्याने सांगे. आवाराच्या या भागात सूचना अजूनही त्याच पद्धतीने पोहोचते.

जतन : छापील राजपत्रांचे बांधलेले खंड ग्रंथालयात राहिले. एखादे पद केव्हा निर्माण झाले, एखादा नियम कोणत्या वर्षी बदलला, सेवाज्येष्ठता कोणत्या दिवसापासून मोजायची, हे त्यांतून काढता येते. ई-मेल आणि बदलती संकेतस्थळे यांचे तसे नाही. नवी यंत्रणा आली की जुने दुवे तुटतात, आणि निवृत्तिवेतनाच्या वेळी वीस वर्षांपूर्वीचा आदेश हवा असतो तेव्हा तो कुणाच्या तरी कपाटातल्या नस्तीत छापून ठेवलेला सापडतो. काही विद्यापीठांचे अभिलेखागार म्हणूनच अंतर्गत सूचनांची संकेतस्थळे ठरावीक काळाने प्रत काढून साठवते आणि प्रत्येक आदेशाला कायमचा क्रमांक देते.