कुंपणाखालची १३ सेंटिमीटरची वाट

ब्रिटनमध्ये नवी वसाहत उभी राहिली की घरामागे छोटीशी बाग येते आणि दोन बागांमध्ये लाकडी कुंपण. लाकूड कुजू नये म्हणून कुंपणाच्या तळाशी बऱ्याचदा काँक्रीटची फळी बसवतात. हेजहॉगची वाट तिथेच बंद होते.

हेजहॉग म्हणजे आपलं साळिंदर नव्हे. साळिंदर कुरतडणाऱ्या प्राण्यांतलं, कंदमुळं खाणारं. हेजहॉग आकाराने कितीतरी लहान आणि नात्याने चिचुंद्रीच्या जवळचा. पाठीवर पाच ते सात हजार काटे. भुंगेरे, अळ्या, गांडुळं हे त्याचं खाणं. त्याच्या शोधात तो एका रात्रीत एक-दोन किलोमीटर सहज फिरतो. एका बागेत त्याचं पोट भरत नाही, जोडीदारही मिळत नाही. म्हणून बाग कितीही हिरवीगार असली, तरी चहूबाजूंनी बंद असेल तर ती त्याच्या कामाची नाही. रस्त्यावरून जावं तर गाड्या. धोका दिसला की पळायचं नाही, अंगाचं मुटकुळं करून बसायचं, ही त्याची उपजत सवय कोल्ह्यापुढे चालते; चाकापुढे नाही.

२०२० मध्ये ब्रिटनच्या सस्तन प्राण्यांच्या लाल यादीत, म्हणजे कोणती प्रजाती किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या यादीत, हेजहॉगची नोंद 'असुरक्षित' अशी झाली. २०२२ च्या अहवालानुसार २००० सालापासून ग्रामीण भागात त्यांची संख्या ३० ते ७५ टक्क्यांनी घटली. शहरांत मात्र घसरण थांबल्याची चिन्हं आहेत. शेताच्या कडेची झुडपी कुंपणं आणि कीटक कमी होत असताना घरामागच्या बागा या प्राण्याला आसरा देत आहेत, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

त्या बागा एकमेकींना जोडायच्या कशा? दोन संस्थांनी २०११ मध्ये 'हेजहॉग स्ट्रीट' ही मोहीम सुरू केली. तिची मुख्य मागणी एवढीच: कुंपणाच्या तळाशी १३ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनी भोक ठेवा. हेजहॉग आरामात जातो, बहुतेक पाळीव कुत्रे जाऊ शकत नाहीत.

जुन्या वस्तीत यासाठी शेजाऱ्यापाशी विषय काढावा लागतो, कुंपण कापावं लागतं. बांधकामाच्या वेळीच भोक ठेवलं तर खर्च नगण्य, आणि अख्खी वसाहत एकदम जोडली जाते. काही मोठ्या बिल्डरांनी ते सुरूही केलं आहे. इंग्लंडच्या नियोजन धोरणात डिसेंबर २०२४ पासून पाकोळ्या आणि वटवाघळांसोबत हेजहॉगचं नाव आलं आहे. माझ्या मते एवढ्यावर थांबू नये. नव्या कुंपणाला हे भोक सक्तीचंच हवं.

पलीकडची बागही राहण्याजोगी हवी. एका कोपऱ्यात पालापाचोळा आणि लाकडं तशीच पडू द्यावीत. थंडीत हेजहॉग तिथे शीतनिद्रा घेतो. तेव्हा त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे १९० वरून २० पर्यंत उतरतात. ब्रिटनमध्ये ५ नोव्हेंबरला 'बॉनफायर नाइट'ला मोठ्या शेकोट्या पेटवतात; त्यासाठी रचलेल्या लाकडांच्या ढिगातही तो शिरू शकतो, म्हणूनच ढीग पेटवण्याआधी तपासावा लागतो. हेजहॉग बागेतल्या तळ्यात पडला तर वर येता यावं म्हणून तळ्याला उतार हवा. गवत कापणारा रोबो रात्री बंद ठेवावा. तिकडे बाग असलेल्या मराठी घरांना एक आवर्जून सांगणं: मायेने दूध ठेवू नका, ते त्याला पचत नाही. उथळ ताटलीत पाणी ठेवा.

घर विकलं की नवा मालक भोक मोडतोड समजून बुजवतो, असं होऊ शकतं. त्यासाठी भोकावर ठोकायच्या छोट्या पाट्या मिळतात. ही वाट हेजहॉगची आहे, बुजवू नका, एवढंच त्या सांगतात.