उत्क्रांत झालेल्या मेंदूवर भरवसा किती ठेवायचा?

प्रत्येक घटनेला काहीतरी कारण असतेच, हे आपण कधी शिकलो? ‘असं का झालं?’ असे विचारणाऱ्या मुलाने ते आधीच गृहीत धरलेले असते. प्लेटोच्या मते असे ज्ञान आत्मा जन्माआधीच घेऊन येतो. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकला हे मुळीच मान्य नव्हते. त्याच्या लेखी मन कोरे असते आणि सगळे अनुभवातून येते. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये वेगळी मांडणी केली. अवकाश, काळ, कार्यकारणभाव हे मनाचेच साचे आहेत, ते आधी असतात म्हणून अनुभव शक्य होतो. मग नेमके हेच साचे का? याच्या मागे जाता येत नाही, असे कांट म्हणाला.

मागे जाण्याची वाट डार्विनला १८३८ मध्येच दिसली होती. ज्याला बबून माकड कळले तो तत्त्वमीमांसेत, म्हणजे अस्तित्व आणि ज्ञान यांच्या मुळाशी जाणाऱ्या विचारात, लॉकपेक्षा मोठी भर घालेल, असे त्याने तेव्हा आपल्या वहीत लिहिले. प्लेटो जिथे ‘पूर्वजन्म’ म्हणतो तिथे ‘माकडे’ असे वाचावे, अशी नोंदही त्याच वहीत आहे. पुढे प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक कोनराड लॉरेन्झने १९४१ मध्ये हा विचार कांटला भिडवला. पाण्याचा थेंब अंगाला लागण्याआधी, अंड्यातच माशाचा पर घडतो आणि तरी तो पाण्याला अनुरूप असतो. मनाचे साचेही तसेच. एका व्यक्तीपुरते ते अनुभवापूर्वीचे, पण तिच्या असंख्य पूर्वजांच्या अनुभवात तावून निघालेले. मला हे उत्तर अतिशय सुंदर वाटते. अडीच हजार वर्षांच्या वादातले दोन्ही पक्ष त्यात अर्धे अर्धे खरे ठरतात.

पण यातूनच एक अवघड शंका उभी राहते, आणि ती खुद्द डार्विननेच १८८१ मधल्या एका पत्रात मांडली आहे: खालच्या प्राण्यांच्या मनातून विकसित झालेल्या मानवी मनाच्या समजुतींना काही किंमत आहे का? नैसर्गिक निवड सत्याला बक्षीस देत नाही, जगून पिल्ले वाढवण्याला देते. गवत सळसळले की दर वेळी साप समजून पळणारा प्राणी बहुतेकदा चुकतो, तरीही टिकतो.

ही शंका मी गांभीर्याने घेतो, पण ती सगळ्या ज्ञानाला सारखीच लागू होते असे मला वाटत नाही. फांदीचे अंतर चुकीचे जोखणारे माकड खाली पडते. तिथे सत्य आणि जगणे एकत्रच चालतात. आपल्या आकाराच्या, आपल्या वेगाच्या जगापुरते आपले अंदाज म्हणूनच बरे असतात. त्या जगाबाहेर मात्र ते कोसळतात. एकच इलेक्ट्रॉन दोन फटींतून गेल्यासारखा वागतो, वेगाने काळ मंदावतो. हे डोळ्यांसमोर आणण्याची गरज आपल्या पूर्वजांना कधीच पडली नव्हती. तिथे आपण उपकरणे, गणित आणि एकमेकांच्या चुका काढण्याची पद्धत वापरतो. ज्या मेंदूला इलेक्ट्रॉनचे चित्र रंगवता येत नाही, त्यालाच त्याचे समीकरण मांडता येते. हे कसे जमते, याचे पुरेसे उत्तर ना जीवशास्त्राने दिले आहे, ना तत्त्वज्ञानाने.