रॉक्सेटर

इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील सेव्हर्न नदीकाठचे छोटे खेडे. श्रूझबरीच्या आग्नेयेस सुमारे ८ किमी. गावाखाली आणि त्याहून कितीतरी अधिक भोवतालच्या शेतांखाली विरोकोनियम हे रोमन ब्रिटनमधील चौथ्या क्रमांकाचे शहर गाडलेले आहे. त्याच्या तटाच्या आत सुमारे ७८ हेक्टर जमीन येते.

इ. स. ५८ च्या सुमारास येथे रोमन सैन्याचा तळ पडला. साधारण तीस वर्षांनी सैन्य हलले आणि त्याच जागी कॉर्नोव्ही जमातीचे नगर वसले. नगरचौकाच्या दारावरचा सम्राट हेड्रियनच्या नावाचा शिलालेख (इ. स. १२९–१३०) श्रूझबरीच्या संग्रहालयात आहे.

नगर ओस पडल्यावर गावाला दगडाची आयती खाण मिळाली. सेंट अँड्र्यू चर्चच्या उत्तरेकडील भिंतीतले थोराड चिरे रोमन इमारतींतले आहेत, फाटकाचे दोन्ही खांबही रोमन. बाप्तिस्म्याचे कुंड तर रोमन खांबाची तळखडी उलटी ठेवून आतून कोरलेले आहे. हा गावातला सर्वांत बोलका दगड म्हणावा लागेल.

जागेवर उभी राहिलेली मोठी भिंत एकच, नगराच्या सार्वजनिक स्नानगृहाची ‘ओल्ड वर्क’. उंची सुमारे ७ मी. दगडांच्या थरांमध्ये विटांचे आडवे पट्टे दिसतात. त्यांनी बांधकाम एका पातळीत येते व सांधले जाते. मधले भगदाड म्हणजे व्यायामाच्या दालनातून थंड स्नानाच्या दालनात जायचे दार. चौकटीचे घडीव दगड लोकांनी काढून नेल्याने त्याच्या कडा अशा ओबडधोबड झाल्या.

१८५९ मध्ये टॉमस राइटने मोठे उत्खनन सुरू केले. तेव्हाची रीत भिंत सापडली की तिच्या कडेने खणत जायची. त्यात वरचे मातीचे व दगडगोट्यांचे पातळ थर राडारोडा समजून फेकले जात. १९६६ पासून फिलिप बार्करने व्यायामाच्या दालनाची विस्तीर्ण जागा एकदम उघडी केली. करणी व ब्रशने एकेक थर साफ करून प्रत्येक दगडाची जागा नकाशावर उतरवली. लाकडी घराला खोल पाया नसतो. मुरमाचा सपाट चौथरा, झिजलेली पायवाट एवढीच खूण उरते, आणि ती फावड्याच्या एका घावात जाते. या खुणांवरून त्याने पडक्या दालनावर पुढे लाकडी घरे उभी राहिल्याचे मांडले. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे.