हिंदकळणारे साठ लिटर

पाणी साठवायचं कसं, हे सोलापूरकराला कुणी शिकवू नये. उजनीचं पाणी नळाला चार-पाच दिवसांनी येतं हे वर्षानुवर्षांचं गणित, त्यामुळे बॅरल, सिंटेक्स, अंगणातली हौद-टाकी आणि स्वयंपाकघरातल्या कळशा हा इथला ठरलेला संसार. म्हणूनच असेल, पण जुनी मॅटाडोर व्हॅन घेऊन तिची राहण्या-झोपण्याची घरगाडी करायला निघालेला माणूस पाण्याच्या टाकीचा विचार सगळ्यात शेवटी करतो. गादी, ओटा, पंखा, दिवे झाले की उरल्या कोपऱ्यात टाकी. मला हा क्रम उलटा वाटतो. गाडीतलं बाकी सगळं सामान दोरीने आवळलं की गप्प बसतं. पाणी टाकीत कोंडूनही हलत राहतं.

साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, टाकीचं वजन वेगळं. समजा टाकी एक मीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर उंच आहे. काठोकाठ भरली असेल तर फारसा त्रास नाही, पाण्याला हलायला जागाच नसते. खरी गंमत अर्ध्या टाकीत. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. दहा सेंटिमीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने धावते, म्हणजे एका टोकाकडून निघून परत यायला तिला दोनेक सेकंद लागतात. आता ही टाकी मागच्या बाकाखाली गाडीच्या रुंदीत आडवी बसवली आहे आणि तुम्ही टेंभुर्णीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला ओलांडताय. स्टेअरिंग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. या हालचालीलाही दोन-तीन सेकंदच लागतात. लाटेची लय आणि गाडीची लय जुळली की पाणी नको त्या क्षणी नको त्या बाजूला धडकतं. स्प्रिंगचे पाटे थकलेल्या जुन्या गाडीला हे जास्त जाणवतं.

जहाजबांधणीत या गोष्टीचा फार बारकाईने विचार होतो. 6 मार्च 1987 ला बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून निघालेली ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरीबोट पुढचे दरवाजे उघडे राहिल्याने काही मिनिटांतच आडवी झाली आणि 193 माणसं गेली. गाड्या ठेवायच्या सलग, मोकळ्या मजल्यावर समुद्राचं पाणी शिरलं आणि ते एका अंगाला जमा होत गेलं. पाण्याच्या मोकळ्या, हलत्या पृष्ठभागाचा हा परिणाम रुंदीच्या घनाने वाढतो, म्हणजे रुंदी दुप्पट तर परिणाम आठपट. म्हणून आपलीच टाकी नुसती फिरवून लांब बाजू गाडीच्या लांबीत ठेवली, तर गाडी कलंडवणारा परिणाम जवळजवळ अकरा पटींनी कमी होतो. खर्च शून्य! जागेअभावी आडवीच ठेवावी लागली तर आत भोकं पाडलेली पडदी हवी. पाणी तिच्यातून पाझरतं, लाट मात्र मोडते. पाण्याच्या टँकरमध्येही याच कारणासाठी आत पडद्या असतात.

‘टाकी टपावर ठेवतो, पंपच लागणार नाही’ असं म्हणणारेही भेटतात. दीड टनाच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सत्तर सेंटिमीटरवर धरला, तर टपावरचे साठ किलो तो पाचेक सेंटिमीटर वर नेतात; तेच पाणी फरशीखाली ठेवलं तर तो किंचित खालीच येतो. शिवाय इथलं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि अर्धा चौरस मीटर काळी टाकी भर दुपारी इतकी उष्णता घेते की पाणी तासाला पाच-सहा अंशांनी सहज तापावं. कोमट पाण्यात क्लोरीन लवकर निघून जातो आणि लिजिओनेलासारखे जिवाणू खुशीत वाढतात. पांढरी अर्धपारदर्शक टाकी उन्हात ठेवली तर शेवाळ. तेव्हा टाकी अपारदर्शक, अन्नासाठी चालणाऱ्या प्लास्टिकची, आणि सावलीत.

टाकीची बांधणी प्लायवूडला नाही, चॅसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी धडकून दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात थांबली, तर भरलेली टाकी पट्ट्यांना सुमारे साडेआठशे किलो वजनाइतक्या जोराने ओढते. जुन्या गाडीत तर आधी फरशीचा पत्रा ठोकून बघा. गंजलेल्या पत्र्यात बोल्ट कितीही जाड घातला तरी तो पत्र्यासकट बाहेर येईल.

हवेची नळी बरेच जण विसरतात. पंप पाणी खेचतो तेवढी हवा आत आली पाहिजे. ती न मिळता टाकीतला दाब नुसता दहा टक्क्यांनी घटला, तरी एक मीटर बाय वीस सेंटिमीटरच्या बाजूवर बाहेरची हवा दोनशे किलोच्या जोराने दाबते. प्लास्टिक आत ओढलं जातं किंवा पंप कोरडा घरघरतो. नळीच्या तोंडाला बारीक जाळी हवीच. डास होऊ नयेत म्हणून पाण्याची भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळणाऱ्या शहराला डेंग्यूचा डास वेगळा समजावून सांगायला नको.

पंपासाठी मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. डाळिंबाच्या बागेत पाठीवर घेऊन फिरायच्या बॅटरी फवारणी यंत्रात असतो तसाच पडद्याचा (डायफ्रॅम), 12 व्होल्टचा पंप इथे चालतो. दाब वाढला की आपोआप बंद होणारा घ्या. मात्र नवाच, औषध फवारलेला पंप कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला लावू नये.

पहिल्यांदा भरताना टाकी निर्जंतुक करायला साठ लिटरमध्ये पाच टक्क्यांचं, सुगंध न मिसळलेलं साठ मिलिलिटर हायपोक्लोराइट (ब्लीच) टाकलं की लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोरीन होतो. नळ सोडून तो पाइपांत पोहोचू द्यायचा, काही तास ठेवायचा, मग सगळं ओतून वास जाईपर्यंत धुवायचं. त्यासाठी तळाच्या सगळ्यात खालच्या बिंदूला एक कॉक लागतो, आणि तो टाकी बसवण्याआधीच लावून घ्यावा. नंतर तिथे पान्हा शिरत नाही.