बटाटा तोफ : नळीची रचना

बटाटा तोफ हे पाइपमधून वायूच्या दाबाने बटाटा फेकणारे हौशी, घरगुती साधन. अमेरिकेत तिला ‘स्पड गन’ म्हणतात. ‘स्पड’ म्हणजे बोलीभाषेतला बटाटा. एका प्रकारात बंद कक्षात ज्वलनशील वायूचा भडका उडवतात, तर दुसऱ्यात भरून ठेवलेली दाबाची हवा झडप उघडून सोडतात.

कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश जहाजांवर बसवलेला, कॉर्नवॉलच्या होल्मन ब्रदर्सचा ‘होल्मन प्रोजेक्टर’ वाफेच्या किंवा दाबाच्या हवेच्या जोरावर हातबॉम्ब फेकत असे. विमाने पाडण्यात तो यथातथाच होता. खलाशी मात्र त्यातून शेजारच्या जहाजांवर बटाटे मारून करमणूक करून घेत.

नळीचे तोंड बाहेरून कानशीने घासून धारदार केलेले असते. त्यावर बटाटा दाबला की नळीच्या मापाचाच गोळा कापला जातो आणि आत घट्ट बसतो. वायू निसटू नये म्हणून वेगळे काही लावावे लागत नाही. सगळ्या रचनेतली ही सर्वांत हुशार गोष्ट.

नवख्याला वाटते, नळी जितकी लांब तितका मारा दूर. तसे होत नाही. बटाटा पुढे सरकतो तसा वायू पसरतो आणि त्याचा दाब उतरतो. हा जोर घर्षणाइतकाच उरला की तिथून पुढची नळी बटाट्याला अडवू लागते. नळी आखूड असेल, तर जोर शिल्लक असतानाच बटाटा बाहेर पडतो आणि उरलेला दाब नुसता आवाज करतो. म्हणून निव्वळ लांबीपेक्षा कक्ष आणि नळी यांच्या घनफळांचे गुणोत्तर पाहतात. भडक्याच्या तोफेसाठी हौशी मंडळी ते साधारण 0.8 : 1 धरतात, म्हणजे नळी थोडी मोठी. हवेच्या तोफेत झडप किती चटकन उघडते यावर बरेच अवलंबून असते.

अशी तोफ बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपची करतात; पण त्या पाइपवर छापलेला दाब पाण्यासाठी असतो, वायूसाठी नव्हे. पाणी फारसे दबत नाही, त्यामुळे पाइप तडकला तरी दाब लगेच उतरतो. दाबलेला वायू मात्र पाइपच्या चिंधड्या उडवतो. थंडीत किंवा उन्हात राहून पीव्हीसी ठिसूळ होते, आणि शरीरात घुसलेले त्याचे तुकडे एक्स-रेमध्ये नीट दिसत नाहीत.

भारतात हिची सख्खी बहीण म्हणजे शेतातली माकडे हुसकावणारी, कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडून निघणाऱ्या वायूचा भडका उडवणारी कार्बाइड गन. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात ती फटाका म्हणून विकली गेली आणि अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. बार उडाला नाही म्हणून नळीत डोकावून पाहणे, हे त्यामागचे एक कारण होते.